आठ पदार्थांचं जेवण

शैलजामावशी गाडीत बसल्या की आधी सीटबेल्ट लावतात, मग पर्समधून बडीशेपेची डबी काढतात आणि मग माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायला घेतात. क्युपर्टिनोहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पाऊण तास हे चालतं. "लेन काऊन बदलून राहिली तू? तो ट्रक काय चावते का तुला?" अठ्ठेचाळीस वर्षं अमेरिकेत काढली, त्यातली एकतीस एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत लोकांच्या रक्ताचे गट तपासण्यात गेली, तरी चिडल्या की त्यांच्या तोंडून थेट नागपूर बाहेर पडतं.

मी रुचा. पुण्याची, एच-वन व्हिसावर आलेली, दिवसभर कोड लिहिणारी. चार वर्षांपूर्वी त्यांच्या घरामागच्या छोट्या युनिटमध्ये राहायला आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मावशींनी हायवेवर गाडी चालवणं सोडलं आणि त्यांची रविवारची ड्रायव्हर मी झाले. रविवार म्हणजे 'जेड क्लाउड'. त्यात बदल नाही.

जेड क्लाउड हे गिअरी रस्त्यावरचं कॅन्टनी हॉटेल. बासष्ट सालापासून तिथेच आहे. दाराशी जिवंत माशांच्या टाक्या, काचेमागे उलटी टांगलेली तांबूस बदकं, आत लाल टेबलक्लॉथ घातलेली दहा-दहा माणसांची गोल टेबलं आणि प्रत्येक टेबलाच्या मधोमध फिरणारी काचेची तबकडी. बायका ढकलगाड्यांवर बांबूच्या टोपल्यांची चळत घेऊन टेबलांमधून फिरतात आणि कशात काय आहे ते भाजीवालीसारखं ओरडून सांगतात. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर वाकावं लागतं. तिथे कोणी हसून स्वागत करत नाही. जागा दाखवतात, किटली आदळतात आणि जातात. मावशींना ते फार आवडतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी मेनू उघडून विचारलं होतं, "मावशी, इथे व्हेज काय मिळतं?"

"चहा," त्या म्हणाल्या.

मग माझा चेहरा बघून त्यांनी दोन-तीन टोपल्या मागवल्या. मुळ्याच्या वड्या मात्र स्वतःकडे ओढल्या. वाफवून मग तव्यावर खरपूस भाजलेल्या, दिसायला अगदी आपल्या कोथिंबीर वडीच्या चुलत बहिणी. "यात सुकट असते. तू नको." आणि चार वड्या एकटीने संपवल्या.

त्या वेळी गुरुनाथकाका होते. ते काउंटीच्या पाणीखात्यात सिव्हिल इंजिनियर होते, रिटायर होऊन दहा वर्षं झालेली. उंच, सावकाश बोलणारे, कोणालाही नाही न म्हणणारे. मूळ वाईचे आगाशे. घरात लसूणसुद्धा वर्ज्य होता म्हणे, आणि हा माणूस माझ्यासमोर कोंबडीचे पाय चोखून हाडं बशीच्या कडेला ओळीने लावायचा. कोणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक वाजवायची, तसं आभार मानायची तिथली रीत, ती त्यांनी मला शिकवली.

दारावरच्या पत्रपेटीवर दोन आडनावं होती, आगाशे आणि मेश्राम. खोली बघायला आले तेव्हा मी ती वाचली होती आणि त्यातलं एकच लक्षात ठेवलं होतं. घरी फोनवर आईला सांगितलं, "आगाशे म्हणून आहेत गं, आपल्यातलेच." हे मी आज लिहितेय कारण पुढे जे झालं ते सांगताना दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळं होणं मला जमणार नाही.

मेश्राम म्हणजे मावशी. त्यांचे वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. छप्पन साली बाबासाहेबांबरोबर नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म घेतला, त्यात ते होते. मावशी चार वर्षांच्या होत्या, वडिलांच्या खांद्यावर. "मला फक्त ऊन आठवतं," त्या सांगतात, "आणि खाली पांढऱ्या कपड्यांचा समुद्र." त्या दिवशी घेतलेल्या शपथांमध्ये एक होती, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. वडिलांनी ती आयुष्यभर पाळली. स्वतःच्या आईच्या मृत्यूनंतरही.

सत्त्याहत्तरमध्ये मावशी स्कॉलरशिप मिळवून कॅलिफोर्नियात शिकायला आल्या. त्याच युनिव्हर्सिटीत गुरुनाथ आगाशे होते. लायब्ररीत मराठी वर्तमानपत्रावरून भांडण झालं, महिन्यापूर्वीचं ते शिळं वर्तमानपत्र आधी कोणी वाचायचं यावरून. "गुरूला भांडता येत नव्हतं," मावशी म्हणतात. "मला येतं. म्हणून आमचं जमलं."

वाईहून पत्र आलं, एकच. लग्न केलंस तर आम्ही तुला मेलो. एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये सही करून लग्न केलं. साक्षीला आलेले दोन वर्गमित्र सही करून लेक्चरला पळाले. ही दोघं बसने गिअरीवर उतरली आणि समोर दिसलं त्या हॉटेलात शिरली. मावशींच्या अंगावर आईने पाठवलेलं हिरवं लुगडं, केसांत फूल. फाँग नावाचा पोरगेलासा वेटर होता, हाँगकाँगहून नुकताच आलेला. त्याने विचारलं, बाकीची मंडळी कुठे आहेत? गुरुनाथ म्हणाले, येतायत. मावशी म्हणाल्या, "कोणी येत नाही."

फाँग आत गेला. दुपारची गर्दी ओसरली होती, कामगारांची जेवायची वेळ झाली होती. थोड्या वेळाने त्याने दोघांना छोट्या टेबलावरून उठवलं आणि मोठ्या गोल टेबलापाशी नेलं. दोन कुक, भांडी घासणारी बाई, मालकीणबाई, आणखी तीन वेटर, सगळे येऊन बसले. लग्नाचं जेवण रिकाम्या टेबलावर होत नाही, असं मालकीणबाईंचं म्हणणं. यांनी तीन पदार्थ मागवले होते, टेबलावर आठ आले. शेवटी अख्खा मासा आला, आल्याच्या आणि कांद्याच्या पातीच्या बारीक काड्या पसरलेला, वरून कडकडीत तेल ओतलेला. माशाचं तोंड नवरीकडे करून ठेवलं. मावशींना त्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं. "पण जेवताना माझ्या ताटाकडे कोणी बघत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला नाही समजणार, रुचा. आपल्या ताटाकडे कोणी न बघणं काय असतं ते."

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं दर रविवारी ती दोघं तिथे जेवली.

गुरुनाथकाका गेले ते तेवीस सालच्या सप्टेंबरात. अंगणातल्या लिंबाच्या फांद्या छाटत होते, कात्री बाजूला ठेवली, पायरीवर बसले आणि संपले. ॲम्ब्युलन्स मी बोलावली होती. मावशी त्यांचा हात धरून पायरीवर बसून राहिल्या. मनगटावर बोटं ठेवली होती, नाडी लागत नव्हती ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

पुढचे बारा दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. त्या काळात सगळं हातात घेतलं ते त्यांच्या दिरांनी. देवदत्तकाका ओहायोतल्या डब्लिनला असतात, हार्टचे डॉक्टर, आता रिटायर्ड. वडील गेल्यावर वाईशी त्यांनीच दोघांचा थोडाफार समेट घडवला होता, असं ते सांगतात. समेट म्हणजे एवढाच की गुरुनाथकाका दर वर्षी वडिलांच्या श्राद्धाला एकटे ओहायोला जायचे. मावशी घरी.

तेरावा देवदत्तकाकांनी मंदिराच्या हॉलमध्ये केला. मीही होते. मावशी पांढरी साडी नेसून आल्या, पाणी प्यायला म्हणून किचनकडे वळल्या. देवदत्तकाका दारात आडवे झाले. "वहिनी, तुम्ही बाहेर बसा. आत सोवळ्यातला स्वयंपाक चाललाय." अगदी मऊ आवाजात. हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या, एक दाराजवळ रिकामी होती, चपलांच्या रॅकपाशी. नवऱ्याच्या तेराव्याला मावशी त्या खुर्चीवर दोन तास बसल्या. गाडीत मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाल्या, "आज गप्प बसले. एकदाच बसले. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं.

देवदत्तकाकांचा फोन पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आला. मावशींनी स्पीकरवर टाकला, कारण त्यांचे हात कणकेत होते. मी समोर मेथी निवडत होते.

"वहिनी, बावीस सप्टेंबर, रविवार, मंदिरात हॉल बुक केलाय. तिथीचं गुरुजी बघून घेतील, पितृपक्षच आहे. शंतनू विधीला बसेल. तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. स्वयंपाकाच्या बायका त्यांच्याच असतात. तुम्ही नुसतं यायचं आणि बसायचं."

"कुठे?"

"म्हणजे?"

"कुठे बसायचं, भावजी? मागच्या वेळी बसले होते तिथेच, चपलांपाशी?"

"तुम्ही ते फार मनाला लावून घेतलंत, वहिनी."

"हो, घेतलं. बावीस तारखेला मी जेवण ठेवलंय. जेड क्लाउडमध्ये, साडेबाराला. यायचं असेल तर या."

मी मेथीवरून मान वर केली. असं काही ठरल्याचं मी ऐकलं नव्हतं. मावशींनी नजरेनेच मला गप्प राहायला सांगितलं. ते त्याच क्षणी ठरलं होतं.

"चायनीज हॉटेलात? दादाचं वर्षश्राद्ध चायनीज हॉटेलात?"

"श्राद्ध नाही. जेवण. श्राद्ध आमच्यात करत नाहीत."

"दादा आगाशे होता, वहिनी."

"आणि मी मेश्राम आहे. त्याला ते माहीत होतं. तरी माझ्या घरात चव्वेचाळीस वर्षं राहिला." मावशींनी कणकेचा हात फोनपासून लांब धरला होता, पण आवाज जवळ आणला. "पंचेचाळीस वर्षं तुम्ही माझ्या हातचं खाल्लं नाही, भावजी. आता मी रांधतच नाही. तुमची अडचणच मिटली."

फोन त्यांनी कोपराने बंद केला.

पुढच्या रविवारी मिस्टर फाँगना सांगितलं. फाँग आता सत्तरीच्या जवळ आहेत, रविवारी फक्त दाराशी उभे राहून माणसं बसवतात. काळं जाकीट, पाठ ताठ. त्यांनी वही उघडली.

"दहा माणसं. किती पदार्थ? सात की आठ?"

मला काही कळेना, तेव्हा त्यांनी मोडक्या इंग्रजीत समजावलं. माणूस गेल्यावरचं जेवण सात पदार्थांचं. आठ पदार्थ लग्नाला, वाढदिवसाला, आनंदाला.

"आठ," मावशी म्हणाल्या.

फाँगनी पेन थांबवलं. "मिसेस, लोक वाईट म्हणतील. आमचे लोक."

"माझे पण म्हणतील. आठ लिहा. मी रडायला येत नाही, जेवायला येतेय. याच टेबलावर आम्ही आठ खाल्ले होते, आता एक कमी करून तुम्ही मला काय सांगणार, की तो गेला?"

फाँगनी आठ लिहिलं. लिहून झाल्यावर आकड्याखाली रेघ ओढली, जरा जोरात.

शनिवारी दुपारी शंतनू आला. मावशींचा एकुलता एक मुलगा, टेक्सासमध्ये अर्विंगला असतो, एका टेलिकॉम कंपनीत मॅनेजर. बरोबर अकरा वर्षांची आरोही. शंतनू वडिलांवर गेलेला, कोणालाच दुखवायचं नाही. बॅग ठेवून किचनमध्ये आला तोच मुळी तयारी करून.

"आई, ऐक ना. सकाळी आठला मंदिर, दुपारी हॉटेल. दोन्ही करूया. काका खास ओहायोहून आलेत, हॉटेलमध्ये उतरलेत. त्यांना हर्ट करायला नको यार."

मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या. "तुला बसायचं तर बस. तू एक्केचाळीस वर्षांचा आहेस, मी हात धरणार नाही. पण मी येणार नाही, आणि माझं नाव घेऊन करायचं नाही."

"पण एवढं काय झालंय? काका वाईट नाहीत गं. ते जुन्या वळणाचे आहेत."

"शहाऐंशी साली आपण त्यांच्याकडे गेलो होतो. तू तीन वर्षांचा होतास. तुझी आजी वाईहून आली होती, तुला बघायला म्हणून मला बोलावलं. मी बेसनाचे लाडू केले. दोन किलो बेसन भाजलं, दंड भरून आले. स्टीलच्या डब्यात घालून विमानात मांडीवर घेऊन गेले. तिथे डबा कोणीतरी माझ्या हातातून घेतला, 'छान' म्हणालं. चार दिवस लाडू ताटात आले नाहीत. मला वाटलं, देवाला दाखवायचे असतील. निघताना गुरू गाडीत बॅगा ठेवत होता, मी गराजमध्ये गेले. डबा तिथे होता. मोटर ऑइलच्या डब्यांच्या शेजारी. फळीवर."

शंतनू खुर्ची ओढून बसला.

"गुरूला सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे शैल. मी जाऊ दिलं. त्याच्यासाठी दिलं. तेवढं एक मी त्याला अजून माफ केलेलं नाही, तो मेला तरी."

टेबलाशी आरोही आयपॅडवर काहीतरी काढत बसली होती. आम्हाला वाटलं तिचं लक्ष नाही. तिने मान वर केली. "वेट. दे पुट आजीज लाडूज इन द गराज? व्हाय?"

तिने बापाकडे बघितलं. "बाबा, व्हाय?"

शंतनूने खिशातून फोन काढला आणि तो मागच्या अंगणात गेला. काचेतून दिसत होतं, तो लिंबाच्या झाडापाशी येरझाऱ्या घालत बोलत होता, एक हात हवेत. दहा मिनिटांनी आत आला. कान लाल झाले होते.

"कॅन्सल केलं," तो म्हणाला. "काकांना पण सांगितलं. का ते पण सांगितलं."

मावशींनी त्याच्यापुढे पोहे ठेवले. "खा. गार होतील."

रविवारी साडेबाराला आम्ही टेबलावर होतो. मावशी हिरवी साडी नेसल्या होत्या. ब्लड बँकेतल्या दोन जुन्या मैत्रिणी होत्या, एक फिलिपिनो आणि एक मेक्सिकन, पाणीखात्यातला काकांचा एक मित्र आणि त्याची बायको, शंतनू, आरोही, मी. दोन खुर्च्या रिकाम्या. फाँग आले आणि त्यांनी मावशींच्या उजवीकडे एक वाटी, चॉपस्टिकची जोडी आणि चहाचा कप मांडला. गेलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे असं मांडतात.

"नको," मावशी म्हणाल्या.

फाँगचा हात थांबला.

"मिस्टर फाँग, तो नाही आता. त्याची वाटी नको. तिथे तुम्ही बसा."

"मी ड्यूटीवर आहे."

"तेव्हाही होतात."

फाँग जरा दुखावलेले दिसले. मग त्यांनी जाकिटाचं बटण सोडलं, खुर्ची ओढली आणि मांडलेली वाटी स्वतःपुढे घेतली. पलीकडून एक वेटर कॅन्टनीत काहीतरी ओरडला, फाँगनी त्याहून मोठ्याने उत्तर दिलं, आणि कोहळ्याचं सूप आलं.

तिसरा पदार्थ, भाजलेलं बदक, टेबलावर आला तेव्हा शंतनू दाराकडे बघत ताठ झाला. देवदत्तकाका उभे होते. ब्लेझर, इस्त्रीची पँट, हातात काही नाही. टाकीतल्या माशांकडे बघत उभे, आत यावं की नाही या विचारात. मग आले.

"वहिनी, मी फक्त एवढंच सांगायला आलो होतो की..."

"उभ्याने नको. बसा."

एकच खुर्ची उरली होती, आरोहीच्या बाजूची. ते बसले. बदकापासून जरा मागे सरकून. मावशींनी किटली उचलली, त्यांच्या कपात चहा ओतला.

"घ्या. तो मी केलेला नाही."

मला वाटलं ते उठून जातील. त्यांनी कपाभोवती हात धरला आणि बसून राहिले. मग चौथा पदार्थ आला, मातीच्या खोलगट भांड्यात. काळे मशरूम, टोफू, बांबूचे कोंब, काचेसारख्या शेवया. तबकडी फिरत फिरत देवदत्तकाकांपुढे येऊन थांबली.

"यात काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"लो हान जाय," फाँग म्हणाले. "भिक्षूंचं जेवण. मांस नाही, कांदा नाही, लसूण नाही."

देवदत्तकाकांनी आत, किचनच्या झुलत्या दाराकडे नजर टाकली. सवयीने, बाकी काही नाही. पण मावशींनी ती पकडली.

"ते नका विचारू, भावजी. आत सहा कुक आहेत. त्यांची गोत्रं मला माहीत नाहीत."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चमच्याने थोडी भाजी वाटीत घेतली. चॉपस्टिक जमेनात, आरोहीने त्यांना काटा दिला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग काटा खाली ठेवला.

"तो लाडू मी खाल्ला होता," ते म्हणाले.

"काय?"

"शहाऐंशीत. गराजमध्ये. तुम्ही आलात त्याच दिवशी संध्याकाळी डबा उघडला आणि एक खाल्ला. उभ्या-उभ्या. आईला कळू दिलं नाही. चांगला होता, वहिनी. काल शंतनू बोलला तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये."

मला खरं सांगायचं तर भरून आलं. शंतनूचेही डोळे ओले झाले होते. सगळं आता सुरळीत होणार, असं त्या क्षणी वाटलं.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला आवडला होता."

"हो."

"आणि तुम्ही डब्याचं झाकण लावलं आणि तो परत फळीवर ठेवला."

देवदत्तकाकांनी चहाचा कप जवळ ओढला.

"हे तर जास्त वाईट आहे, भावजी. सासूबाईंना खरंच वाटत होतं की माझ्या हातचं खाल्लं तर विटाळ होईल. त्यांचं मी समजू शकते. तुम्हाला वाटत नव्हतं. तुम्ही डॉक्टर. तुम्हाला माहीत होतं लाडवात काय असतं, बेसन, तूप, साखर. तरी अडतीस वर्षं तुम्ही माझ्याकडे पाणी प्यायला नाहीत. आणि मागच्या वर्षी गुरूच्या तेराव्याला तुम्ही दारात आडवे झालात."

त्या ओरडल्या नाहीत. हॉटेलात इतका गोंगाट होता की शेजारच्या टेबलाला कळलंही नसेल. तेवढ्यात मासा आला. अख्खा, वाफाळता. वेटरने तेल ओतलं, चर्र आवाज झाला. फाँगनी सवयीने माशाचं तोंड मावशींकडे फिरवलं.

"शंतनू, मासा घे," मावशी म्हणाल्या. "गालाजवळचा भाग आरोहीला दे. तो सगळ्यात मऊ असतो."

जेवण तसंच पुढे चाललं. देवदत्तकाका उठून गेले नाहीत, हे मला लिहायलाच हवं. आठही पदार्थ होईपर्यंत बसले. नूडल्स आल्या तेव्हा आरोहीने त्यांना विचारलं की तिचे आजोबा लहानपणी कसे होते, तेव्हा त्यांनी कृष्णेच्या घाटावर दादाने पोहायला शिकवल्याची गोष्ट सांगितली, आणि मावशींनी ती कान देऊन ऐकली, कारण ती त्यांनी कधी ऐकली नव्हती. फाँगनी एकोणऐंशीचं लग्न सांगितलं. पाणीखात्यातल्या मित्राने काकांची नक्कल केली. आम्ही हसलो, बऱ्यापैकी मोठ्याने.

निघताना दाराशी देवदत्तकाका मावशींच्या पायाशी वाकायला गेले. मावशी मागे सरकल्या.

"ते नको. इथे वाकणं सोपं आहे, भावजी. इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही."

ते अर्धवट वाकलेले सरळ झाले. मान हलवली. आणि पार्किंगकडे गेले.

परतीच्या वाटेवर मावशींनी माझ्या ड्रायव्हिंगबद्दल एक शब्द काढला नाही. डेली सिटीच्या चढावर धुकं लागलं, तेव्हा त्या रडायला लागल्या. वर्षभरात पहिल्यांदा. मी बाजूला गाडी घेऊ का विचारलं तर हातानेच नको म्हणाल्या. "गुरू असता तर त्याने विषय बदलला असता," नाक पुसत त्या म्हणाल्या. "माशाबद्दल काहीतरी बोलला असता मूर्खासारखं." मग बराच वेळाने, "मला तेच हवं होतं आज. आणि तेच नकोही होतं."

बातमी आमच्या आधी क्युपर्टिनोत पोचली होती. आठवड्यात मराठी मंडळाच्या चारुताकाकूंचा फोन आला. शैलजाताई, लोक बोलतायत, श्राद्धाच्या जागी बदक खाल्लं म्हणे. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. "बदक तिसरं होतं," त्या म्हणाल्या. "एकूण आठ होते. सांगायचंच असेल तर सगळे सांगा, मी यादी पाठवते." आणि खरंच पाठवली. मला टाईप करायला बसवून, मंडळाच्या दोनशे माणसांच्या ग्रुपवर, सुपापासून लाल चवळीच्या गोड सुपापर्यंत. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, शैलजा मेश्राम. दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी एका मुलीने, जिला मी ओळखत नाही, खाजगीत लिहिलं, काकू, मी पण मेश्राम. आम्ही इथे आडनाव कुमार लावतो.

मावशींनी तिला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. आता ती आणि तिचा नवरा महिन्यातून एकदा येतात.

देवदत्तकाका दहा महिने गप्प होते. या जुलैत एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. कणीक नव्हती, तरी मावशींनी स्पीकरवर टाकला.

"वहिनी, यंदा सप्टेंबरात येऊ का?"

"हॉटेलात जागा आहे."

"हॉटेलात नाही. घरी. तुमच्याकडे."

मावशी खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मला वाटलं विरघळल्या. मी त्यांना अजून नीट ओळखत नाही.

"या," त्या म्हणाल्या. "पण एकटे नको. मुलांना, माझ्या जावेला, सगळ्यांना घेऊन या. मंदिरात तेराव्याला जे जे होते त्यांनाही सांगा कुठे जाताय ते. स्वयंपाक मी करीन, वाढीनही मीच. गुपचूप येऊन गुपचूप खाऊन जायचं असेल, तर भावजी, त्यासाठी तुमचं गराज आहे."

"बघतो," ते म्हणाले.

"बघा," मावशी म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "चल, गाडी काढ. अकरा वाजले. उशिरा गेलो तर मुळ्याच्या वड्या संपतात."